'ग्लोवर्म' विनाशिकेचा अंत आणि शत्रूची साक्ष

जिंकणाऱ्या पक्षाचे कागद हरलेल्यांच्या पराक्रमाविषयीं बहुधा मुग्ध असतात, हा दप्तरें चाळणारांचा नेहमींचा अनुभव आहे. त्यास अपवाद असें दुसऱ्या महायुद्धांतील एक प्रकरण वाचकांपुढें ठेवितों.

'ग्लोवर्म' म्हणजे काजवा. या नांवाची सुमारें १३५० टनांची विनाशिका १९३५ सालीं साउथॅम्प्टन येथें थॉर्निक्रॉफ्ट यांच्या कारखान्यांतून पाण्यांत उतरली. तिजवर ४.७ इंची चार तोफा व टॉर्पेडोच्या दहा नळ्या होत्या. स्पेनच्या यादवींत तिनें तेथील किनाऱ्यावर पहारा केला. एप्रिल १९४० मध्यें ती 'रिनाउन' या युद्धनौकेबरोबर नॉर्वेकडे निघाली. वाटेंत समुद्रांत पडलेल्या एका खलाशाच्या शोधार्थ मागें राहिली व एकटी पडली.

ता. ८ एप्रिल रोजीं सकाळीं तिची गांठ नॉर्वेवरील स्वारीस निघालेल्या जर्मन विनाशिकांशीं पडली. त्यांच्या मदतीस 'अॅडमिरल हिप्पर' ही दसपटीहून मोठी व ८ इंची आठ तोफांची क्रूझर आली. 'ग्लोवर्म'चा अधिपति लेफ्टनंट-कमांडर जेरार्ड रूप यानें धुराचा पडदा धरून टॉर्पेडो सोडिले, ते चुकले. अखेर जळती विनाशिका क्रूझरच्या उजव्या कुशीवर आदळली व सुमारें ४० मीटर पत्रा फाडून थोड्याच वेळांत बुडाली. जर्मन कप्तान हेल्मुट हाये यानें जहाज थांबवून बुडणारांस वर घेतलें. सुमारें दीडशें माणसांपैकीं ३१ वांचलीं. कप्तान रूप दोरानें वर येतां येतां हात सुटून बुडाला.

बिनतारी संदेश मध्येंच तुटल्यामुळें पुढील हकीकत लंडनच्या दप्तरीं नव्हती. ती कैदी सुटल्यावर १९४५ सालीं उजेडांत आली. हाये यानेंही रेडक्रॉसमार्फत प्रतिपक्षाच्या शौर्याची वाखाणणी कळविली, असें बहुतेक वृत्तांतांत आहे. १० जुलै १९४५ रोजीं रूप यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. कृत्याचा काळ पाहतां तो त्या युद्धांतील पहिला.

सन्मानपत्रांत ही टक्कर हेतुपुरस्सर म्हटली आहे. परंतु वांचलेल्या एका अधिकाऱ्याच्या सांगण्याप्रमाणें त्या क्षणीं सुकाणूवर कोणीच नव्हतें. शिवाय हाये यानेंही आपलें जहाज तिच्याच रोखानें वळविलें होतें. तेव्हां टक्करीचा हेतु सिद्ध धरतां येत नाहीं, असें आमचें मत आहे. मात्र पळून न जातां धुरांतून परतून तिनें हल्ला केला, याविषयीं दोन्ही पक्षांची साक्ष जुळते. कीर्तीस तेवढा पुरावा पुरेसा आहे.