संगणकीय अभिलेखाची साक्ष : पुरावा कायद्यातील एका तरतुदीचा इतिहास (२०००–२०२४)

प्रस्तावना

मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की झालेला निवाडा महजराच्या रूपाने लिहून ठेवला जाई. त्याखाली पाटलाचा नांगर आणि इतर हक्कदारांच्या आपापल्या निशाण्या उमटत. पुढे वाद उपस्थित झाल्यास कागदामागे उभ्या असलेल्या या माणसांकडे विचारणा करता येत असे. इतिहास-संशोधकही कागदातील मजकुराआधी तो कोणाच्या दप्तरातून आला, हे पाहतो. संगणक आल्याने हा प्रश्न मिटला नाही. तो अधिक बिकट झाला. या प्रश्नाला भारतीय कायद्याने २००० ते २०२४ या काळात कोणती उत्तरे दिली, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तरतुदीचा उगम

जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी सिद्ध केलेला भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ हा कागदाच्या जगाचा कायदा होता. मूळ दस्तऐवज हा प्राथमिक पुरावा आणि त्याची नक्कल हा दुय्यम पुरावा, अशी त्याची मांडणी होती. संगणकातील नोंदीला ही मांडणी लागू पडेना. तेथे मूळ आणि नक्कल यांत डोळ्यांना दिसेल असा भेद नसतो आणि खाडाखोड केली तरी शाईचा डाग मागे राहत नाही.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्यान्वये पुरावा अधिनियमात ६५-अ आणि ६५-ब ही कलमे समाविष्ट झाली. संगणकातून काढलेली प्रत न्यायालयात दाखल करावयाची असल्यास, त्या यंत्राच्या वापराची जबाबदारी असलेल्या व्यक्तीने सही केलेले प्रमाणपत्र सोबत असावे, असे ६५-ब कलमाने ठरविले. निशाणी करणारा माणूस अशा रीतीने पुन्हा कागदाखाली आला.

या कलमाचा साचा इंग्लंडच्या १९६८ च्या दिवाणी पुरावा अधिनियमातील पाचव्या कलमावरून घेतलेला आहे. गमतीचा भाग असा की, इंग्लंडने ते कलम १९९५ मध्येच रद्द केले होते. फौजदारी खटल्यांसाठी १९८४ च्या कायद्यात असलेली तशीच अट १९९९ च्या अधिनियमाने काढून टाकली. त्यानंतर संगणक बिनचूक चालत होता, असे तेथील न्यायालये सामान्यतः गृहीत धरू लागली. याच सुमारास, १९९९ पासून, ब्रिटिश टपाल खात्यात ‘होरायझन’ ही हिशेब-प्रणाली बसविली जात होती. तिने दाखविलेल्या खोट्या तुटींमुळे टपाल शाखा चालविणाऱ्या अनेकांवर चोरी व अफरातफरीचे खटले झाले. पुढे ९०० हून अधिक व्यक्तींना दोषी ठरविले गेले. प्रणाली सदोष असल्याचे लंडनच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये नमूद केले आणि २०२४ मध्ये संसदेला विशेष कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. यंत्राच्या शब्दावर निमूट विश्वास ठेवण्याची केवढी किंमत मोजावी लागते, हे यावरून दिसते.

न्यायालयांचे हेलकावे

भारतात कलम होते; परंतु ते कितपत सक्तीचे, याविषयी एकवाक्यता नव्हती. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००५ मध्ये, प्रमाणपत्र नसतानाही दूरध्वनीच्या नोंदी दुय्यम पुराव्याच्या सामान्य कलमांखाली ग्राह्य मानल्या. केरळमधील एरनाड मतदारसंघाच्या २०११ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अन्वर विरुद्ध बशीर या प्रकरणात १८ सप्टेंबर २०१४ रोजी हे मत फिरविण्यात आले व प्रमाणपत्र अनिवार्य ठरले. २०१८ मध्ये शफी मोहम्मद प्रकरणात, ज्याच्या ताब्यात उपकरण नाही त्याच्यावर ही सक्ती नाही, असे पुन्हा सांगण्यात आले. कनिष्ठ न्यायालयांनी यांपैकी कोणता मार्ग धरावा, हा पेच उरलाच.

जालन्याचा खटला

या पेचाची उकल महाराष्ट्रातील एका प्रकरणातून झाली. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मते अधिक मिळवून विजयी झाले. नामनिर्देशनपत्रे २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीन वाजेपर्यंत द्यावयाची होती. विजयी उमेदवाराची पत्रे त्यानंतर स्वीकारली गेली, असा आक्षेप होता आणि त्याचा आधार म्हणजे निवडणूक कार्यालयाच्याच कॅमेऱ्यांनी केलेले चित्रीकरण. त्याच्या तबकड्या न्यायालयात आल्या. परंतु अधिकाऱ्यांकडे वारंवार मागणी करूनही प्रमाणपत्र मिळाले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याची तोंडी साक्ष पुरेशी मानून नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरविली.

अपिलात त्रिसदस्यीय पीठाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला. तोंडी साक्ष प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही, प्रत दाखल करताना प्रमाणपत्र अनिवार्यच आहे. मात्र मूळ उपकरणच मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन सादर केल्यास त्याची गरज नाही, असे ठरले. त्याचबरोबर, पक्षकाराने शक्य ते सर्व प्रयत्न करूनही ते मिळाले नाही, तर कायदा अशक्य गोष्टीची अपेक्षा करीत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. प्रमाणपत्रासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याची वाटही स्पष्ट झाली. अपील फेटाळले गेले.

या निर्णयाचे महत्त्व निवडणुकीपुरते नाही. अभिलेख ज्याच्या ताब्यात असतो, बहुधा त्याच्याच विरुद्ध तो हवा असतो. बँकेविरुद्ध ग्राहकाला, मालकाविरुद्ध कामगाराला आणि कार्यालयाविरुद्ध नागरिकाला तो मागावा लागतो. हमीची सक्ती दुर्बल पक्षाच्या गळ्याचा फास होऊ नये, याची जाणीव येथे दिसते.

नवा कायदा आणि तज्ज्ञाची सही

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्यातील कलम ६३ नुसार प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एकावर यंत्राची जबाबदारी असलेली व्यक्ती आणि दुसऱ्यावर तज्ज्ञ सही करतो. अभिलेखाचे ‘हॅश’मूल्यही त्यात नोंदवावे लागते. हॅश म्हणजे फाइलमधील संपूर्ण मजकुरावरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची संख्या. एक अक्षर बदलले तरी ती पार बदलते. जप्तीच्या वेळी काढलेले मूल्य आणि सुनावणीच्या वेळचे मूल्य जुळले, तर मधल्या काळात हात लागला नाही असे मानता येते.

परंतु हे साधनही कालातीत नाही. प्रमाणपत्राच्या नमुन्यात एमडी-५ या पद्धतीचा उल्लेख आहे. भिन्न मजकुराच्या दोन फाइलींना एकच एमडी-५ मूल्य येईल अशी रचना करता येते, हे २००४ मध्येच सिद्ध झाले होते. शिवाय जप्तीपूर्वीच फेरफार झाला असेल, तर हॅश त्याविषयी मौन पाळतो.

म्हणूनच व्यवसायसंस्थांना सल्ला देणाऱ्या तंत्रज्ञांचे खरे काम गुन्हा घडण्यापूर्वी सुरू होते. नोंदी कोण ठेवतो, त्या किती काळ राहतात, उपकरण कोणाच्या हातून कोणाकडे गेले, याची शिस्त आधीच लावावी लागते. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनी प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे आणि सायबर घटना सहा तासांत कळविणे बंधनकारक केले, ते याच दिशेचे पाऊल होय.

निष्कर्ष

संगणकीय अभिलेखाची विश्वसनीयता अखेर तो जपणाऱ्या आणि त्याची जबाबदारी घेणाऱ्या माणसावर अवलंबून असते, असे हा इतिहास सांगतो. इंग्लंडने हमीची अट सोडली आणि निरपराधांना शिक्षा झाल्या. भारताने ती राखली. पण जालन्यात सही करणारा मिळेना. तज्ज्ञाची दुसरी सही आवश्यक झाल्याने हमी बळकट होईल. परंतु ज्याला तज्ज्ञ परवडत नाही, त्याचा मार्ग अधिक खडतर होण्याचा धोकाही आहे. परीक्षांचे गुण, प्रवेशाच्या नोंदी व कॅमेऱ्यांची चित्रणे सांभाळणाऱ्या आपल्या महाविद्यालयांनीही स्वतःस हा प्रश्न विचारावयास हवा : उद्या एखाद्या विद्यार्थ्याने आपल्याविरुद्ध आपल्याच दप्तरातील नोंद मागितली, तर तिच्याखाली निशाणी कोण करील?