ब्रेस्लाऊच्या वेढ्यातील जर्मन सैन्य
फेब्रुवारी १९४५च्या मध्यास सोव्हिएत सैन्याने सायलेशियातील ब्रेस्लाऊ, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ, या शहराला वेढा घातला, तेव्हा आत सुमारे ५०,००० सशस्त्र माणसे होती. परंतु त्यांना एकसंध सेना म्हणणे कठीण आहे. मिळतील त्या तुकड्यांतून घाईने उभारलेली ६०९वी डिव्हिजन, तटबंदीच्या लढाईसाठी बांधलेल्या ‘किल्ला-रेजिमेंटी’ आणि वाफेन-एसएस या नाझी पक्षाच्या लष्करी दलाची बेसलाइन रेजिमेंट हा या सैन्याचा मुख्य आधार होता, आणि वेढ्यादरम्यान छत्रीसैनिकांची कुमक विमानाने उतरवली गेली. त्यांच्या बरोबरीने मोर्चावर उभी होती ती फोल्क्सश्टुर्म, म्हणजे लष्करात न घेतलेल्या १६ ते ६० वयाच्या पुरुषांची १९४४मध्ये सक्तीने उभारलेली जनसेना. तिची भरती आणि संघटना पक्षाच्या हाती असल्याने गाउलायटर, अर्थात पक्षाचा प्रांतप्रमुख, कार्ल हांके याचा शब्द लष्करी सेनापतींइतकाच चालत असे, आणि वेढा लांबण्यामागे ही दुहेरी सत्ताही होती, असे मानावे लागते. हिटलर युवा संघटनेतील किशोरांनाही प्रत्यक्ष लढाईत ढकलले गेले, ही या संरक्षणाची सर्वांत क्रूर बाजू होय. बर्लिन पडल्यानंतर चार दिवसांनी, ६ मे रोजी, जनरल हेर्मान नीहोफ याने शरणागती पत्करली. हांके मात्र विमानाने निसटला.