हीटर, मोटारीचा : दोषनिदान

इंजिनातील गरम पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून फिरवून मोटारीत उबदार हवा सोडणारी यंत्रणा. सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यात तिची खरी गरज पावसाळ्यात भासते. चांदोलीकडे जाताना काचेवर आतून धरलेले धुके तीच घालवते. त्यामुळे मारुती 800 सारख्या जुन्या गाडीत हीटर बंद असणे धोक्याचे आहे.

तपासणी इंजिन थंड असताना रेडिएटरच्या पाण्यापासून सुरू करावी. पाणी कमी असले की हीटरमध्ये हवा अडकते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. नंतर इंजिन तापवून जाळीकडे जाणाऱ्या दोन्ही रबरी पाइपांना जपून हात लावावा. दोन्ही कडक गरम असून हवा गार येत असेल, तर हवेची झडप किंवा तिची तार अडकलेली असते. एक गरम, दुसरा गार असल्यास पाण्याचा कॉक बंद किंवा जाळी तुंबलेली. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरचे पाणी ओतलेल्या गाडीत तांबूस गाळ साचून हे हमखास होते. दोन्ही कोमट आणि तापमानाचा काटा खालीच, तर थर्मोस्टॅट उघडा राहिलेला असतो. एरवी तो साधारण 82 ते 88 अंश सेल्सिअसला उघडतो. ओला गालिचा, गोडसर वास आणि काचेवर चिकट थर दिसल्यास जाळीच गळत असते.