तीन दगडांची चूल

माझ्या लहानपणी घरात काष्ठौषधींच्या दुकानातून कापराची एक छोटी पुडी येत असे. आरतीच्या साध्या कापराहून ती कितीतरी महाग. आजी तिला 'भीमसेनी' म्हणे आणि दुकानदार 'बरास'. काजळात कणभर पडे, सणावारी देवाच्या गंधात पडे, की पुडी पुन्हा कुलपात. 'बरास' हा शब्द कुठला, हे विचारायचे तेव्हा सुचले नाही. पुढे शाळेत इतिहास शिकवू लागल्यावर कळले, की हे एका बंदराचे नाव आहे. सुमात्रा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे बारुस! तिथल्या रानातला हा कापूर आणि मागच्या डोंगरातला ऊद कित्येक शतके आपल्याकडच्या देवघरांत येत होता.

बारुसजवळ इ. स. १०८८ चा एक तमिळ शिलालेख सापडला आहे. तो 'पाचशे स्वामी' या व्यापारी श्रेणीचा. या श्रेणीचे मूळपीठ ऐहोळे. आमच्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा ज्या ऐहोळेजवळून वाहते, तेच हे गाव. हा धागा हाती लागल्यापासून, हा माल खांद्यावरून किनाऱ्याला पोचवणारी डोंगरातली माणसे कोण, हे पाहायची ओढ लागली. निवृत्तीनंतर, २०१९ साली तो योग आला.

ती माणसे म्हणजे बाताक, आणि त्यांच्यातल्या तोबा शाखेचे घर म्हणजे तोबा सरोवर. लांबी सुमारे शंभर किलोमीटर, रुंदी तीस आणि खोली पाचशे मीटरपर्यंत. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि उरलेल्या खळग्यात पाणी साठले. त्या स्फोटाची राख भारतातही पडली. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठच्या बोरी गावी राखेचा जो थर मिळाला, तो याच स्फोटाचा की त्याहून जुना, यावर अभ्यासक बरेच भांडले आहेत. सरोवराच्या मधोमध समोसीर नावाचे मोठे भूखंड आहे. पारापातहून नावेत बसलो आणि समोसीरच्या काठावरच्या एका खेड्यात उतरलो. तिथल्या एका निवृत्त शिक्षकांकडे माझी राहायची सोय झाली होती. वयाने मोठ्या पुरुषाला 'आमांग' म्हणजे वडील म्हणायचे, ही तिथली रीत. मीही त्यांना आमांगच म्हणू लागलो.

बाताक खेड्याला 'हुता' म्हणतात. पूर्वी हुताभोवती मातीचा कोट आणि त्यावर दाट बांबू असे, कारण शेजारच्या गावाशी कधी जुंपेल याचा नेम नसे. आत समोरासमोर दोन रांगा. एकीत खांबांवर उभी घरे, दुसरीत भाताची कोठारे. छपराची दोन्ही टोके खोगिरासारखी वर उचललेली. दार इतके ठेंगणे, की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. पाहुण्याचे पहिले नमन असे आपोआपच होते. खाली गुरे-डुकरे, वर माणसे. आता छपरांवर ताडाच्या काथ्याऐवजी पत्रा आला आहे आणि बरीच कुटुंबे सिमेंटच्या घरांत राहतात.

घराच्या दर्शनी फळीवर पाल कोरलेली दिसली. आमांग म्हणाले, "ही बोरासपती, भूमीची देवता." मी दचकलोच. बोरासपती म्हणजे आपला बृहस्पती! मग त्यांनी जुन्या बाताक पंचांगातल्या महिन्याच्या पहिल्या सात दिवसांची नावे म्हणून दाखवली: अर्तिया, सुमा, अंगारा, मुदा, बोरासपती, सिंगकोरा, सामिसारा. आदित्य, सोम, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र, शनैश्चर हे सातही जण वेषांतर करून माझ्यापुढे उभे राहिले. कापूर आणि ऊद इकडे येत होता, तेव्हा तिकडेही काही जात होते ते असे.

बाताकांची स्वतःची लिपीही मुळात ब्राह्मीच्याच कुळातली. बांबूवर आणि सालीच्या घडीच्या पोथ्यांत ती लिहीत. मार्सडेन या इंग्रजाने १७८३ साली सुमात्राचा इतिहास छापला. त्यात बाताकांच्या नरमांसभक्षणाच्या हकीकती आहेत, आणि त्यांच्यात लिहिता-वाचता येणाऱ्यांची संख्या मोठी आहे असेही आहे. जगाने पहिली गोष्ट तेवढी लक्षात ठेवली. बारुसला राहून बाताक भाषेचे व्याकरण रचणारा डच पंडित व्हान डेर टूक १८५३ साली या सरोवराकाठी पोचला. त्याने जमवलेल्या पोथ्या आज हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात आहेत. आमांगांना ती लिपी संथपणे वाचता येत होती, त्यांच्या मुलांना येत नव्हती.

मग राहिले काय? याचे उत्तर मला एका लग्नात मिळाले. बाताक समाज स्वतःला 'दालिहान ना तोलू' म्हणजे तीन दगडांची चूल म्हणवतो. एक दगड आपल्या कुळाचा, दुसरा ज्या कुळातून सून आणली त्यांचा, तिसरा ज्या कुळात लेक दिली त्यांचा. सगोत्र विवाह वर्ज्य, मामाची मुलगी सर्वांत पसंतीची. इथवर सारे ओळखीचे. पण पुढे मात्र उलटे! मुलगी देणारे कूळ तिथे सर्वांत मानाचे. ते बसतात आणि जावयाची मंडळी स्वयंपाकात राबतात, वाढतात. मानाच्या कुळाने 'उलोस' हे हातमागाचे वस्त्र खांद्यावर पांघरले, की त्यांचा आशीर्वाद मिळाला. हुंड्यापायी व्याह्यांपुढे वाकलेले आमच्याकडचे मुलीचे बाप मला आठवले आणि घास घशात अडकला.

या चुलीने पुष्कळ वादळे सोसली. १८६२ साली सुमात्रात आलेला जर्मन मिशनरी नोमेनसन १९१८ साली या सरोवराच्या परिसरातच वारला. त्याच्या मिशनने शाळा काढल्या आणि समाज ख्रिस्ती झाला. बाकाराचा पुरोहित-राजा सिसिंगामंगराजा बारावा १८७८ पासून डचांशी लढला आणि १७ जून १९०७ रोजी मारला गेला. राज्य गेले, धर्म बदलला, लिपी गेली. पण लग्नात कोणी कुठे बसायचे, मांसाचा कोणता वाटा कोणाचा, हे बदलले नाही.

आजचे संकट पाण्यातून आले आहे. समोसीरची जमीन हलकी. भात, मका, कांदा आणि कॉफी यांवर सर्वांचे भागत नाही, म्हणून तरुण मेदान-जाकार्ता गाठतात. मागे राहिलेल्यांपैकी अनेकांनी सरोवरात पिंजरे टाकून मासे पाळले. पेंडीने पाणी बिघडले. मे २०१६ मध्ये हारांगाओल येथे आणि ऑगस्ट २०१८ मध्ये पांगुरुरानला प्राणवायू संपून शेकडो टन मासे मेले, कर्ज काढलेली घरे बसली. त्याआधी दोनच महिने, १८ जून २०१८ रोजी, सिमानिंदोहून निघालेली, माणसे आणि मोटारसायकली खच्चून भरलेली नाव बुडाली होती. दीडशेहून अधिक माणसे हाती लागलीच नाहीत. साडेचारशे मीटर खोलावरून कोण कोणाला काढणार? मी गेलो तेव्हा गावातल्या बायका नावेत चढताना अजून क्षणभर थांबत.

निघण्याच्या आदल्या रात्री आमांगांची नात मेदानहून आली. ती इंडोनेशियन बोलत होती, आजी बाताकमध्ये उत्तरे देत होती आणि दोघींचे काही अडत नव्हते. आमच्या सीमाभागातल्या घराघरांत हे रोजचे आहे. शाळेची भाषा एक, आजीची दुसरी. मी आमांगांना विचारले, "ही लिपी शिकेल का?"

ते म्हणाले, "ठाऊक नाही. पण मामाला काय म्हणायचे, ते तिला कुणी शिकवावे लागले नाही."

लिपी जपायला हवीच, त्यात वाद नाही. पण घरी परतल्यावर मी पहिले काम केले ते हे: नातवंडांना बसवून आत्ये, मावशी, साडू, विहीण ही सारी नाती मराठीत म्हणून घेतली. धाकटा 'साडू'ला अडखळला. रोज संध्याकाळी एक नाते, असे आता ठरले आहे.