साष्टीतील शुभ्र श्वानकुळ

गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत अंधेरी, घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवली येथील एखाद्या गृहनिर्माण संस्थेत ज्याने दारावरची घंटा वाजवली असेल, त्याच्या कानी आतून उठलेले तीक्ष्ण, अखंड भुंकणे अनेकदा पडले असेल. आणि दार उघडताच उंबरठ्यावर जो टोकदार मुखाचा, ताठ कानांचा, शेपटी पाठीवर वळवलेला पांढरा कुत्रा उभा राही, त्याला घरची मंडळी ‘पामेरियन’, म्हणजे पोमेरेनियन, म्हणत. वस्तुतः तो बहुधा इंडियन स्पिट्झ असे. एकाच युरोपीय कुळातून निघालेल्या या दोन जातींपैकी कोणती घरी आणावी, हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांतील कुटुंबांपुढे आजही येतो, आणि त्याचे उत्तर विक्रेत्याच्या स्तुतिवचनांपेक्षा इतिहासात अधिक खात्रीने मिळते.

बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोमेरेनिया प्रांताचे नाव ज्याला लाभले, तो कुत्रा प्रारंभी आजच्यासारखा तळहातावर मावणारा नव्हता. तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट हिच्या आश्रयाने अठराव्या शतकात इंग्लंडच्या दरबारी रुळलेले या कुळातील कुत्रे चांगल्या मध्यम बांध्याचे होते, हे त्या काळचा प्रख्यात चित्रकार गेन्सबरो याच्या चित्रांतून स्पष्ट दिसते. पुढे १८८८ साली व्हिक्टोरिया राणीने फ्लॉरेन्सच्या मुक्कामाहून मार्को नावाचा लहान चणीचा पोमेरेनियन आणला; राजगृहाची ही आवड लोकांनी उचलली, १८९१ साली इंग्लंडात या जातीचा स्वतंत्र क्लब निघाला, आणि लहानात लहान पिल्लू निवडून त्याचाच वंश वाढवावा असा शिरस्ता पैदासकारांत पडला. दोन-तीन किलो वजनाचा आणि वीतभर उंचीचा आजचा पोमेरेनियन हे त्या शिरस्त्याचे फलित होय.

इंग्रजांच्या अमदानीत जर्मन स्पिट्झ कुळाची जी शाखा हिंदुस्थानात आली, तिचा मार्ग निराळा झाला. प्रदर्शनातील पारितोषिकांपेक्षा येथे जगणे महत्त्वाचे होते; ज्या कुत्र्यांना उष्मा, दमट हवा आणि घरचे साधे अन्न मानवले, त्यांचाच वंश चालला. म्हणून इंडियन स्पिट्झच्या लहान प्रकाराचे वजन साधारण पाच ते सात किलो, तर मोठ्या प्रकाराचे बारा ते वीस किलोपर्यंत भरते, आणि केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी ही स्वतंत्र जात म्हणून नोंदली जाते.

आता ज्या मुलखात हा कुत्रा रुजला, त्याचा वृत्तांत पाहिला पाहिजे. ही उपनगरे ज्यावर वसली, ते साष्टी बेट दीर्घकाळ भातखाचरे, मिठागरे, कोळीवाडे आणि गावठाणे यांचेच होते, आणि तेथील अंगणाची राखण गावातला देशी कुत्रा, कोणाच्याही परवान्यावाचून, चोख करीत असे. १८९६ च्या प्लेगने शहरातील माणसे उत्तरेकडे सरकू लागली. १९२० साली सरकारने मुंबई उपनगर जिल्हा निर्माण केला. १९२८ साली विजेची गाडी बोरिवलीपर्यंत धावू लागली. १९५० मध्ये अंधेरी व घाटकोपर, आणि १९५७ मध्ये बोरिवली व मुलुंड, महापालिकेच्या हद्दीत आले. त्यानंतर १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ चा मालकीच्या सदनिकांचा कायदा यांच्या आधाराने वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि ज्याला अंगण उरले नाही परंतु दाराची राखण हवी होती, असा गृहस्थवर्ग प्रथमच मोठ्या संख्येने उदयास आला. अल्सेशियनास लागणारी जागा त्याच्यापाशी नव्हती, परदेशी जातिवंत पिल्लाची किंमत त्याला झेपणारी नव्हती. दूध-भातावर वाढणारा आणि दोन खोल्यांत सुखाने नांदणारा स्पिट्झ त्याला सर्वार्थाने सोयीचा वाटला. आजारी कुत्र्याची सोय परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट इस्पितळात होई. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील टफी या पांढऱ्या कुत्र्याने तर ही आवड घरोघरी पोहोचवली. पुढे २००३ च्या सुमारास एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीतील पगने लोकांचे मन जिंकले, आणि ज्याने दोन पिढ्या इमानाने दार राखले, तो स्पिट्झ मागे पडला. ही उपेक्षा अन्यायाची होती, असे मला वाटते.

निवड करताना इतिहासाचा हा निवाडा ध्यानी घ्यावा. पोमेरेनियनची हाडे नाजूक, गुडघ्याची वाटी सरकण्याचा आणि श्वासनलिका दबण्याचा विकार त्याच्यात वारंवार आढळणारा. धावती मुले असलेल्या घरात सोफ्यावरून पडूनही त्याचा पाय मोडू शकतो. शांत घरात, थंड खोलीत, वृद्ध दांपत्याच्या सहवासात तो उत्तम शोभतो. बाकीच्या बहुतेक कुटुंबांसाठी लहान प्रकारचा इंडियन स्पिट्झच अधिक योग्य. मात्र तो भुंकणारच, आणि दिवसभर कुलूपबंद घरात एकटा ठेवल्यास शेजाऱ्यांच्या तक्रारी येणारच, हे आधीच जाणून घ्यावे. दोघांचीही दुहेरी लव उन्हाळ्यात मुळापासून काढू नये, रोज विंचरावी, आणि पावसाळ्यात गोचिडांसाठी तपासावी. बोरिवली व मुलुंड या दोन्ही अंगांनी राष्ट्रीय उद्यानाची हद्द भिडते आणि बिबट्यास कुत्रा हे सुलभ भक्ष्य असते, म्हणून तेथे रात्री त्याला बाहेर मोकळे सोडू नये.

कुत्रा पाळण्यास सरसकट बंदी करण्याचा अधिकार गृहनिर्माण संस्थेस नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली परिपत्रकाने स्पष्ट केले आहे. तथापि महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस ही आपली जबाबदारी आहे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकणे २०१७ च्या श्वान-पैदास व विक्रीच्या नियमांनी निषिद्ध ठरवले आहे, तेव्हा तसे पिल्लू कोणी पुढे केल्यास ते घेऊ नये. ‘पामेरियन’ म्हणून पिल्लू दाखवले गेले तर आधी त्याची आई पाहावी, कारण पिल्लू किती वाढणार हे तिच्या उंचीवरून बऱ्याच अंशी कळते; आणि ती उंची आपल्या घराला मानवणारी असेल, तरच सौदा पक्का करावा.