कंपनीतलं आरोग्य शिबिर आणि जामखेडच्या बायका

नागापूर किंवा सुप्याच्या एमआयडीसीत तुम्ही काम करत असाल, तर वर्षातून एकदा शिबिर होतं हे तुम्हाला माहीत आहे. रक्त तपासतात, बीपी मोजतात, कागद हातात देतात. पुढच्या वर्षी साखर तेवढीच, कधी थोडी जास्तच! मग कंपनी म्हणते, कामगार ऐकत नाहीत. खरंच असं असतं का?

हाच प्रश्न आपल्याच जिल्ह्यात एकदा सुटला आहे. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. हा दुष्काळी भाग. गावकऱ्यांना आधी हवं होतं पाणी आणि अन्न, दवाखाना त्यानंतर. म्हणून विंधनविहिरी आणि मुलांसाठी सामूहिक स्वयंपाक ही कामंही आरोग्याचीच ठरली.

सुरुवातीला गावोगावी प्रशिक्षित नर्स पाठवल्या, पण ते जमलं नाही. बाहेरून आलेल्या मुलीचं गावात मन रमेना आणि गावही तिला आपलं मानेना. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची, असं ठरलं. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर होत्या, काही दलित वस्तीतल्या. आठवड्याला जामखेडला यायचं, थोडंसं शिकायचं आणि घरी जाऊन तेवढंच शेजारणींना सांगायचं. शेजारीण ऐकायची, कारण सांगणारी त्याच विहिरीचं पाणी भरत होती. 1971 मध्ये तिथे हजारी 176 अर्भकं दगावत. काही दशकांत हा आकडा तिशीच्या आत आला. (याचं सगळं श्रेय औषधांना देऊ नका. त्यात पाणी आणि पोषणाचा वाटा मोठा आहे.)

कारखान्यात याचा अर्थ काय? सल्ला देणारा लाइनवरचाच एक माणूस हवा, ज्याला रात्रपाळीत भूक कधी लागते आणि कॅन्टीनमध्ये तेव्हा वडापावच का उरतो हे ठाऊक आहे. स्वच्छतागृह लांब किंवा घाण असलं की बायका पाणी कमी पितात, लघवी रोखून धरतात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. हे शिबिराच्या रिपोर्टात दिसत नाही. पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह या गोष्टी 1948 च्या कारखाना कायद्यातच सांगितल्या होत्या.

तुमच्या कंपनीत पुढचं शिबिर ठरेल तेव्हा एचआरकडे एक मागणी करा: तपासणीआधी प्रत्येक पाळीतल्या दोघा-तिघांना, त्यात एक तरी बाई असू दे, विचारा की कामावर सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो.