रंगभवनातले सूर

गिरगावाहून धोबीतलावाकडे आले की सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारी रंगभवन लागते. ह्याच खुल्या रंगमंचावर ‘रॉक मशीन’ ह्या वाद्यवृंदाने मुंबईच्या तरुणांना वेड लावले होते. १९८४ साली स्थापन झालेल्या ह्या वृंदाविषयी आम्हां सेमिनरीत घडलेल्या मंडळींचे मत फारसे बरे नव्हते. रॉक म्हणजे गोंगाट, एवढीच आमची समजूत! ती अन्यायाची होती, हे आता कबूल केले पाहिजे. त्या काळचे बहुतेक वृंद परदेशी गाणी हुबेहूब वाजविण्यातच धन्यता मानीत. ह्या तरुणांनी मात्र १९८८ मध्ये स्वतः रचलेल्या गीतांची ध्वनिफीत काढली. १९९३ साली तर त्यांनी ‘इंडस क्रीड’ असे सिंधूचे नाव धारण केले. त्याच वर्षी त्यांना एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार लाभला.

पुढे संगीतवाहिन्यांचा ओढा हिंदी पॉप आणि चित्रपटगीतांकडे वळला. इंग्रजीत गाणारे हे भारतीय सूर, आमच्या मते, तिथेच पोरके झाले. १९९७ मध्ये वृंद विसर्जित झाला. गायक उदय बेनेगल व गिटारवादक जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले.

२०१० साली वृंद पुन्हा उभा राहिला, २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा संग्रहही आला. तोवर ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रंगभवनाचा परिसर शांतता क्षेत्रात गेला होता आणि तिथल्या मैफली थांबल्या होत्या.